शेजारची बेटे, वेगळे ताळेबंद

(बी. कॉम. भाग २)

माळव्यातल्या देवास गावात १९४८ पर्यंत दोन राज्ये होती. शेजारच्या दोन गावांची दोन नव्हेत, एकाच गावात दोन! एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांनी १७२८ च्या सुमारास जो मुलूख मिळवला, त्याच्या पुढे दोन गाद्या झाल्या, दोन राजवाडे झाले, दोन दरबार झाले, आणि गावातल्या मुख्य रस्त्यानेच त्यांची हद्द जाऊ लागली. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि १९५३ साली त्याने या संस्थानावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर धार, तेथेही पवारच. घराणे एक, भाषा एक, जमीन तीच काळी. पण कारभार तिन्ही ठिकाणी निराळा. थोरली पाती कर्जात बुडाली आणि तिचे महाराज तिसरे तुकोजीराव १९३७ साली पाँडिचेरीत, राज्यापासून दूर, वारले. त्या कर्जाचे ओझे रस्त्यापलीकडच्या राज्यावर पडले नाही. पडणार तरी कसे? खाती वेगळी होती ना!

माझे आजोळ देवासचे असल्यामुळे ही हकीगत लहानपणापासून कानांवर आहे. बेटांवरच्या प्राणिसृष्टीविषयी वाचताना तीच पुन्हा पुन्हा आठवत राहिली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्राणिशास्त्राच्या वाटेला जावे हे कोणाला रुचणार नाही. परंतु हा विषय हिशेबाचाच आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रश्न असा आहे. उष्ण कटिबंधात दोन बेटे अगदी शेजारी आहेत. दोहोंवर ऊन तेच, पाऊस तोच, झाडी तितकीच दाट. मग एका बेटावर जे प्राणी नांदतात ते दुसऱ्यावर का नसावेत? शाळेत आपण शिकलो की प्राणी हवामानाप्रमाणे असतात. वाळवंटात उंट, बर्फात अस्वल. ते खोटे नाही, पण येथे ते उत्तर उपयोगी पडत नाही, कारण हवामान दोन्हीकडे एकच आहे. ‘मध्ये समुद्र आहे’ हे दुसरे उत्तर. पण समुद्र तर सगळ्याच बेटांच्या मध्ये असतो.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज संग्राहक पक्षी आणि कीटक जमवून विकत असे आणि त्यावर पोट भरत असे. जून १८५६ मध्ये तो बाली बेटावर उतरला आणि थोड्याच दिवसांत पलीकडच्या लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी जेमतेम वीस किलोमीटर रुंद आहे. बालीवर त्याला जे पक्षी दिसले ते जावाचे, म्हणजे पर्यायाने आशियाचे होते. आपल्याकडे भर उन्हात ठोक्‌ठोक् करणाऱ्या तांबटाचे भाऊबंद बालीपर्यंत आहेत. लोंबोकवर तांबटाचे कूळच नाही. तेथे तेव्हा पांढरे काकाकुवे होते, मध चोखणारे ऑस्ट्रेलियन पक्षी आहेत, आणि माती-पाचोळ्याचा ढीग रचून त्याच्या उबेवर अंडी सोडून देणारे मेगापोड आहेत. बालीवर वाघ होता. १९३० नंतरच्या काळात शिकारीने तो संपला. लोंबोकवर वाघ कधीच नव्हता. होडीने काही तासांचा प्रवास, आणि माणूस एका खंडाच्या प्राणिसृष्टीतून दुसऱ्या खंडाच्या प्राणिसृष्टीत जातो!

याचे कारण नकाशात दिसत नाही, कारण नकाशा पाण्याची रुंदी दाखवतो, खोली दाखवत नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि बाली यांच्यामधला समुद्र उथळ आहे. तो कोरडा पडला आणि ही सर्व बेटे आशिया खंडाला जोडली गेली. वाघ बालीला पोहून गेला नाही, चालत गेला. बाली आणि लोंबोक यांच्यामधली खाच मात्र फार खोल आहे. पाणी १२० मीटर उतरले तरी ती भरलेलीच राहिली. लाखो वर्षांत हिमयुगे आली आणि गेली, समुद्र चढला आणि उतरला, पण त्या वीस किलोमीटरवर पूल कधी झाला नाही. म्हणजे जवळ असणे निराळे आणि जोडलेले असणे निराळे. हा भेद ध्यानात आला की निम्मा विषय समजला.

तथापि ही वॉलेसची रेषा म्हणजे भिंत नव्हे, ती चाळणी आहे. उडणारे, तरंगणारे, वाऱ्यावर जाणारे थोडेफार पलीकडे जातातच. वटवाघूळ जाते, नेचाचे बीजाणू जातात, ओंडक्यावर बसून एखादा सरडा उपाशीतापाशी आठ-दहा दिवस काढतो. बेडकाचे मात्र कठीण. त्याच्या कातडीला खारे पाणी सोसत नाही. हत्ती चांगला पोहतो, पण नर-मादी दोघे पोहोचले पाहिजेत आणि तेथे खायला मिळाले पाहिजे. कोणती चाळणी कोणाला अडवील हे असे प्रत्येकाच्या अंगच्या गुणावर ठरते.

आता हिशेबाकडे येतो. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांच्या जीवसृष्टीचा एक सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्याचे सार आपल्या रोजकीर्दीच्या भाषेत सांगता येते. बेटावर नव्या जाती येतात ती जमा. असलेल्या जाती नष्ट होतात ते नावे. मुख्य भूमीपासून बेट जितके दूर तितकी जमा कमी. बेट जितके लहान तितकी नावेची बाजू जड, कारण लहान जागेत थोडेच प्राणी राहतात आणि एका वादळात किंवा एका साथीत ते साफ होऊ शकतात. दोन्ही बाजू समान झाल्या की जातींची संख्या एका आकड्याच्या आसपास स्थिरावते. लहान आणि दूरच्या बेटाचा ताळेबंद छोटा, मोठ्या आणि जवळच्या बेटाचा भरघोस.

हा नुसता कागदी हिशेब राहू नये म्हणून विल्सन आणि त्यांचे शिष्य डॅनिएल सिम्बरलॉफ यांनी १९६६ ते १९६९ च्या दरम्यान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळची खारफुटीची काही चिमुकली बेटे घेतली, त्यांवर तंबू ठोकले, आत धुरी देऊन झाडून सगळे किडे मारले आणि मग कोण परत येते ते मोजत बसले. हिशेब तपासनीसाने खाते शून्यावर आणून पुन्हा मांडावे तसे! वर्षभरात बहुतेक बेटांवर किड्यांच्या जातींची संख्या जवळजवळ पूर्ववत झाली. किनाऱ्यापासून सर्वांत दूरच्या बेटावर ती मागे राहिली. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. बेरीज तीच आली, तरी नावे तीच आली नाहीत. पूर्वी ज्या जाती होत्या त्यांच्या जागी पुष्कळदा दुसऱ्याच आल्या. शेजारच्या बेटांमध्ये फरक पडायला एवढेही पुरते. कोण आधी पोहोचले हा काही अंशी योगायोग असतो. परंतु जो आधी पोहोचला तो जागा धरून बसतो आणि नंतरच्याला घरात शिरू देत नाही. (खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगायला नको.)

आपल्या देशातले उदाहरण अंदमान आणि निकोबारचे. आपण ही दोन नावे एका दमात उच्चारतो, टपालाच्या पत्त्यातही ती जोडूनच येतात. प्रत्यक्षात मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची, दहा अंश खाडी नावाची सामुद्रधुनी आहे आणि तीही हिमयुगात कोरडी न पडण्याइतकी खोल आहे. ब्रह्मदेशातल्या आराकान पर्वताची रांग समुद्रात बुडते आणि पुढे सुमात्रात वर येते. तिची मधली शिखरे म्हणजे ही बेटे. अंदमानाचे तोंड ब्रह्मदेशाकडे आहे, निकोबारचे सुमात्राकडे. अंदमानच्या रानात पडौक आणि गर्जन ही मोठी इमारती झाडे आहेत. गर्जनाचे कूळ निकोबारात आढळत नाही. लांब शेपटीचे माकड ग्रेट निकोबार, लिटल निकोबार आणि कचाल या तीनच बेटांवर राहते. अंदमानात मूळचे माकड नाही. आणि निकोबारला मेगापोड आहे! लोंबोकवर ज्याचे भाऊबंद वॉलेसला भेटले, तोच ढीग रचणारा पक्षी. मधल्या सुमात्रावर त्याचा पत्ता नाही. जमिनीवर उघड्या ढिगात अंडी सोडणाऱ्या पक्ष्याचा निभाव रानमांजरांसारख्या शिकाऱ्यांपुढे लागत नसावा, असे त्याचे एक कारण शास्त्रज्ञ देतात. म्हणजे निकोबारला जे पोहोचू शकले नाहीत, त्यांच्या न पोहोचण्यामुळे मेगापोड टिकला. ताळेबंदात न आलेल्या रकमेचेही महत्त्व असते ते असे.

याहून नवलाची गोष्ट नारकोंडम बेटाची. उत्तर अंदमानच्या पूर्वेला सात चौरस किलोमीटरही न भरणारा हा ज्वालामुखीचा डोंगर आहे. तेथे एक धनेश पक्षी राहतो आणि तो जगात दुसरीकडे कोठेही राहत नाही. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर बॅरन बेट आहे, तेही ज्वालामुखीचे, आकारानेही जवळपास तेवढेच. पण ते अजून धुमसते आहे, त्यावर रान असे फारसे जमलेच नाही, आणि धनेशाला तर ढोलीसाठी जुने, जाड खोडाचे झाड लागते. नारकोंडम शांत झाले, त्यावर रान वाढले, आणि कधी काळी येऊन पोहोचलेल्या धनेशांची संतती तेथेच वेगळी होत गेली. एका जातीची सारी पुंजी सात चौरस किलोमीटरांत! तेथल्या पोलीस ठाण्यासाठी शेळ्या नेल्या होत्या. त्या रानात पसरल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या तेव्हा पुढे त्या हलवाव्या लागल्या. ब्रिटिश काळात अंदमानात सोडलेले चितळ मात्र बेटाबेटांवर पसरले आणि राहिले. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या तेथे नाही.

ग्रेट निकोबारवर मोठे बंदर, विमानतळ आणि वसाहत करण्याचे सरकारने ठरवले आहे. गॅलेथिया उपसागराचा अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढण्यात आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवले जाणार आहे. मी वाणिज्याचा विद्यार्थी आहे. मलाक्काच्या मार्गावर आपले बंदर असावे, आपल्या मालाची चढउतार कोलंबो-सिंगापूरला होऊ नये, यातला फायदा मला कळतो. पण तोडलेल्या रानाची भरपाई म्हणून हरियाणात झाडे लावण्याचे ठरले, हे वाचून मी थबकलो. एका पेढीतली तूट दुसऱ्या पेढीच्या वहीत जमा धरली, तर आमचे लेखाशास्त्राचे प्राध्यापक पेपर तोंडावर फेकतील. हरियाणातल्या झाडाखाली निकोबारचा मेगापोड ढीग रचायला येणार नाही. २००४ च्या त्सुनामीने त्याचे किनाऱ्यावरचे ढीग वाहून नेले आणि त्याची संख्या फार घटली. तो घाटा अजून भरून निघालेला नाही.

बेटाच्या हिशेबात आणखी एक रक्कम येते, ती आरंभीच्या शिल्लकेची. नारकोंडम समुद्रातून उगवले, तेव्हा त्याचे खाते शून्यावर सुरू झाले. काही बेटे मात्र खंडापासून तुटून झालेली असतात. ती जुनी पुंजी घेऊनच निघतात. असे एक मोठे बेट कोणते म्हणाल तर आपणच! त्याचा पुरावा धार जिल्ह्यात पडलेला आहे. बाघ येथील लेणी पुष्कळांना ठाऊक असतात. पण त्याच परिसरातल्या खडकांत शिंपले, समुद्री साळू आणि शंखाकृती प्राणी दगड होऊन बसले आहेत. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र तिथवर आत आला होता. त्यानंतरच्या थरांत बाघ आणि कुक्षी भागात डायनोसॉरची घरटी सापडली. ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा वृत्तान्त २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक शेतात मिळालेले वाटोळे दगड ‘काकड भैरव’ म्हणून, शेताचा आणि गुराढोरांचा राखणदार म्हणून, पुजत आले होते. ती अंडीच निघाली.

भारताचे हे तुटलेले भूखंड मादागास्करपासून सुमारे ८·८ कोटी वर्षांपूर्वी सुटले आणि पुढे सेशेल्सच्या ग्रॅनाइटच्या बेटांपासूनही. केरळातल्या सह्याद्रीत जमिनीखाली राहणारा एक जांभळा, फुगीर बेडूक २००३ साली शास्त्राला माहीत झाला. त्याचे सर्वांत जवळचे नातलग सेशेल्सला आहेत. बेडूक समुद्र ओलांडत नाही हे वर सांगितलेच आहे; त्याने ओलांडला नाही, त्याच्या पायाखालची जमीनच सरकत आली. मादागास्करच्या वाट्याला दुसरीच पुंजी आली. आफ्रिकेचा किनारा तेथून चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. त्या किनाऱ्यावर सिंह, हत्ती, जिराफ. बेटावर यांतले एकही नाही, उलट लेमूरच्या शंभरावर जाती आहेत आणि त्या जगात अन्यत्र नाहीत.

गोरखचिंचेचेही तसेच. या अगडबंब खोडाच्या झाडाच्या जगात आठ जाती मानतात. त्यांतल्या सहा एकट्या मादागास्करच्या, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीची, एक ऑस्ट्रेलियाची. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे या कुळाचे मूळ मादागास्करमध्येच असून इतर ठिकाणी त्याची फळे समुद्रावर तरंगत गेली असावीत. धार जिल्ह्यात मांडूला गेलेल्यांनी हे झाड पाहिले असेलच. तेथे त्याला खुरासानी इमली म्हणतात आणि फळे वाटेवर विकायला असतात. हे मात्र तरंगत आलेले नाही. आपल्या देशातल्या गोरखचिंचा आफ्रिकेच्या जातीच्या आहेत, आणि मांडूला त्या माळव्याच्या सुलतानांच्या काळात, पंधराव्या शतकात, आल्या असे सांगतात. मांडूचे पठार खोल दऱ्यांनी तीन बाजूंनी तोडलेले आहे; तेथे हे झाड जागोजाग दिसते, आणि देवासच्या रस्त्याला ते कोठे दिसले तर आपण गाडी थांबवून पाहतो. माळवा सगळा एकच, पण माणसाने बी जेथे टाकले तेथे ते आहे.

मांडूच्या पठाराला मी बेटासारखे मानतो, यात काही ओढाताण नाही. कन्नड विभागातले आपले मित्र बेटाला ‘नडुगड्डे’ म्हणतात, त्यात ‘नडु’ म्हणजे मधले. चहूबाजूंच्या मध्ये उभे असलेले. आणि आपल्या मराठीत पाण्यातले ते बेट आणि बांबूचे तेही बेटच. शब्द करणाऱ्यांना ठाऊक होते की बेट व्हायला समुद्रच लागतो असे नाही.

माळव्यात आज असा समुद्र सोयाबीनचा आहे. काळ्या जमिनी पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशा पडीक ठेवीत आणि रब्बीला गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले, पैसा आला, १९८७ साली इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले, आणि गवताळ माळ आक्रसत गेले. शेतकऱ्याने यात काही वाईट केले असे मी म्हणणार नाही. माझ्या मामांच्या घरीही तेच पीक आहे. पण त्या समुद्रात आता गवताची आणि रानाची बेटे तेवढी उरली. देवास जिल्ह्याच्या पूर्व टोकाला खिवनी अभयारण्य आहे. सव्वाशे चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. तेथे वाघ आहे, कारण विंध्याच्या जंगलपट्टीने ते पूर्वेकडच्या रातापानीच्या रानाशी जोडलेले आहे आणि वाघ त्या वाटेने येतो-जातो. खिवनी म्हणजे बाली. मधला पट्टा तुटला तर दहा-पंधरा वाघांनाही ते पुरणार नाही.

धार जिल्ह्यातले सरदारपूर अभयारण्य १९८३ साली जाहीर झाले, कागदावर ३४८ चौरस किलोमीटरांचे. ते वाघासाठी नव्हे, खरमोरासाठी. आपण ज्याला तणमोर म्हणतो तो. पावसाळ्यात तो येथे विणीला येतो. नर गवतातून हात-दोन हात वर, एका दिवसात शेकडो वेळा उडी मारतो, मादीला दिसावे म्हणून. पाऊस सरला की पक्षी दक्षिणेकडे पांगतात. या पक्ष्याला पंख आहेत, त्याला सोयाबीनचा समुद्र ओलांडता येतो. त्याला उतरायला किनारा उरत नाही. ३४८ चौरस किलोमीटरांत गावे आहेत, खासगी शेते आहेत, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीवरचे निर्बंध हे तेथल्या शेतकऱ्यांचे वर्षानुवर्षांचे गाऱ्हाणे होते. मुलीच्या लग्नाला जमीन विकता येत नाही, असे म्हणणाऱ्या माणसाला पक्ष्याचे कौतुक सांगून भागणार नाही. खरे गवताळ माळ त्यातले थोडेच. अलीकडच्या काही पावसाळ्यांत तेथे बोटांवर मोजण्याइतकेच खरमोर दिसले, आणि २०२१ मध्ये जागतिक यादीत ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली.

त्यांची अंडी गवतातच, उघड्या जमिनीवर असतात, साधारण श्रावण-भाद्रपदात. पिल्ले चालती-उडती होईपर्यंत आश्विन उजाडतो. विळा त्याआधी चालला तर त्या वर्षीची जमा शून्य; गवत कापणी दसऱ्यापर्यंत थांबली तर दोन-चार पिल्ले दक्षिणेच्या वाटेला लागतात.